पिशवीतला रंग

पलंगाच्या कडेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीत हिरवंनिळं पाणी साठलं होतं. आयसीयूत मला पाचच मिनिटं सोडलं होतं आणि मी नवऱ्याच्या चेहऱ्याऐवजी त्या पिशवीकडेच बघत राहिले.

"ताई, घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "औषधाचा रंग आहे तो. बाहेर पडतोय."

हृदयाची झडप बदलताना यांचं रक्त एकाएकी चॉकलेटी झालं होतं. प्राणवायू भरपूर दिला जात होता, पण रक्त तो शरीराला पोचवेना. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. मग शिरेतून निळं औषध दिलं आणि रक्त पुन्हा लाल झालं.

मला घरातली नीळ आठवली. पिवळट पडलेला सदरा पांढरा व्हावा म्हणून आपण तो निळ्या पाण्यात बुडवतो. का, ते मी कधी कुणाला विचारलं नाही. एका रंगाचं बिघडलेलं दुसराच रंग सावरतो, एवढं हाताला ठाऊक असतं.

तिसऱ्या दिवशी पिशवीत साधा पिवळा रंग उतरला. मी बाहेर येऊन घरी फोन लावला. दिराकडून हिरव्या रंगाचं ऐकल्यापासून सासूबाई धड जेवल्या नव्हत्या. ज्यांच्यासमोर पंचवीस वर्षांत असला शब्द कधी तोंडातून काढला नाही, त्यांना मी भरल्या व्हरांड्यातून ओरडून सांगितलं, "आई, लघवी पिवळी झाली!"



"थांब," त्या रडत म्हणाल्या, "आधी देवापुढे साखर ठेवते."