निनादला न दिसलेला निनाद

मुलुंडहून दादाचा फोन आला तेव्हा मी पार्ल्याच्या मंडईत उभी होते. "निनाद गेला गं... जिममधून आला, खुर्चीत बसला, तो उठलाच नाही." माझा हा भाचा अजून तिशीही न ओलांडलेला, सोसायटीत 'पैलवान' म्हणून ओळखला जाणारा. डॉक्टर म्हणाले, हृदय थकले होते. पैलवानाचे हृदय थकते कसे, असे भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो. म्हणून हे लिहिते आहे.

काटकुळी मुलगी आरशात स्वतःला जाड पाहते आणि अन्न टाकते, हा आजार आता आपल्याला ऐकून माहीत आहे. निनादचा आजार त्याचाच सख्खा भाऊ. दंड भरत गेले, तसा तो स्वतःला अधिकच किरकोळ दिसू लागला. भर मे महिन्यात तो जाड जॅकेट घाली. उकडलेल्या चिकनचा डबा घेऊन लग्नांना जाई, पुढेपुढे जाईनासाच झाला. आणि व्यसन नाही, व्यायाम करतो, म्हणून सगळे त्याचे कौतुकच करत राहिले.

आमच्याकडे गणपतीची पूजा घरातला मुलगा सोवळे नेसून, उघड्या अंगाने करतो. गेल्या वर्षी निनाद मखरासमोर शर्ट घालूनच उभा राहिला. दादा वैतागला, "अरे, एवढा हत्ती झालास आणि देवापुढे लाजतोस? काढ तो!" निनाद पुटपुटला, "बाबा, नको ना... सगळे बघतायत. काही नाहीये माझ्या अंगावर." घरभर हशा पिकला, सगळ्यांना तो विनोद वाटला. त्याचे डोळे मात्र भरले होते. पूजा शेवटी दादानेच केली. आग्रहाखातर निनादने मोदक खाल्ले, आणि मग न्हाणीघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. तो बाहेर आल्यावर मी म्हटले, "मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ या का रे?" तो हसला. "आत्या, तू पण ना! मी आजारी दिसतो का?"

दिसत नव्हता... हीच तर त्या आजाराची सोय होती. मी पुन्हा विचारले, वहिनीनेही विचारले. तो आला नाही; अतिव्यायाम आणि चोरून काढलेल्या उलट्या यांनी हृदय आतून झिजत राहिले.

आता भिंतीवर लावायला फोटो हवा होता. फोनमधले स्वतःचे सारे फोटो त्याने पुसून टाकलेले. शेवटी अकरावीच्या प्रवेशासाठी काढलेला फोटो वहिनीने मोठा करून आणला : बारीक मान, वर आलेली गळ्याची हाडे, ढगळ शर्ट. ज्या मुलापासून तो एवढा दूर पळाला, त्यालाच आता रोज हार घातला जातो. परवा शेजारच्या काकू तिथे थबकल्या आणि हळहळत म्हणाल्या, "अगं बाई, अंगावर काहीच नव्हतं गं पोराच्या!"