पडद्याआडचा चेकर

तुमच्यातल्या कुणीतरी, कधीतरी, समोर बसलेल्या मुलीला "लग्नाचा काय विचार आहे?" असं विचारलेलं आहे. तेही स्थळ बघताना नाही, नोकरी देताना! आता उगाच छताकडे बघू नका.

पांडेसऱ्यातल्या एका साडी प्रिंटिंग मिलमध्ये मी नोकरभरतीचं काम बघते. आमच्याकडे किस्से चिंध्यांसारखे साठतात. रोज झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा ढीग!

माझ्या स्वतःच्या मुलाखतीत आमचे मॅनेजर जिग्नेशभाई यांनी हाच प्रश्न मला विचारला होता. मी म्हटलं, "सर, तुम्हाला एचआर पाहिजे की सून?"

ते इतके हसले की नोकरी मिळाली. पण सगळ्याच मुलींना हसवायला जमत नाही ना!

* * *

वैशालीला जमत नव्हतं. ही मिलशेजारच्या भेस्तानची. घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. तिला आमच्या फोल्डिंग खात्यात चेकर व्हायचं होतं, म्हणजे छापून आलेल्या कापडातले दोष शोधायचे. ते खातं पाटील मास्तरांचं. मास्तर अमळनेरकडचे, मनाने लोणी, पण भरतीच्या बाबतीत दगड.

पहिल्यांदा आली तेव्हा ते म्हणाले, "लग्न झालं की सोडून जाईल."

लग्न करून आली. "आता मूल होईल, मग सोडेल."

यंदा मूल आईकडे ठेवून आली. "मूल लहान आहे, सारखी रजा मागेल."

वैशाली शांतपणे म्हणाली, "मास्तर, मी नेमकी कधी यायला हवी होती ते सांगा. पुढच्या जन्मी बरोबर त्या वेळेला येते!"

मला टाळी द्यावीशी वाटली. पण तिचा नवरा कामाला होता ते लूम खातं बंद पडलेलं, घर टिकल्यांवर चाललेलं. तिला टाळी नको होती, पगार हवा होता.

* * *

मी चिडून नवी जाहिरात लिहिली : "जात, धर्म, गाव, स्त्री-पुरुष असा कोणताही भेद केला जाणार नाही. काम येतं त्याला नोकरी."

मास्तरांनी दोनदा वाचली. डोळे पाणावले त्यांचे!

"मॅडम, एक नंबर लिहिलंय. फक्त खाली एक ओळ टाका."

"कोणती?"

"अमळनेरचा असल्यास उत्तम."

* * *

जिग्नेशभाईंना वाटतं, आमच्या मिलमध्ये भेदभाव नाहीच. "देखो बेन, ओडिशा, बिहार, यूपी, खानदेश, सगळे आहेत आपल्याकडे!"

"आणि ऑफिसात?"

"ऑफिसमां तो फॅमिली!"

* * *

मग बायकांना चेकर का घेत नाही, यावर मास्तरांकडून उत्तर मिळालं, "खात्यात लेडीज टॉयलेट नाही."

मी विचारलं, "टॉयलेट का नाही?"

"लेडीजच नाहीत, तर कुणासाठी बांधायचं?"

मी दोन दिवस या दोन वाक्यांच्या मधे गोल गोल फिरले. तिसऱ्या दिवशी सापडलं की टॉयलेट आहे! कुलूप लावलेलं. आत दिवाळीच्या मिठाईचे रिकामे बॉक्स, छतापर्यंत.

मी म्हटलं, "मास्तर, मिठाईला जागा आहे, वैशालीला नाही?"

दुपारी बॉक्स भंगारात गेले.

* * *

शेवटी मी पडदा काढला. म्हणजे लावला! उमेदवार पडद्यामागे, आपण पुढे. चेहरा नाही, नाव नाही, फक्त उत्तरं ऐकायची.

मिल साड्यांची, तेव्हा पडदा कशाचा लावणार? साडीचाच लावला. मी उमेदवाराला प्रश्न विचारत होते आणि जिग्नेशभाई-मास्तर तावातावाने भांडत होते. पदराचा निळा रंग फाकला आहे की नाही यावर!

त्यातून मास्तरांनी मधेच हळूच विचारलं, "तुनं गाव कोनतं शे, भाऊ?"

पडद्यामागून आनंदाने उत्तर आलं, "पारोळा!"

"अमळनेरच्या शेजारचाच! घ्या ह्याला," मास्तर म्हणाले.

मी ती मुलाखत तिथेच रद्द केली.

* * *

दुसऱ्या खेपेला मी कोरं, न छापलेलं कापड टांगायला लावलं. उमेदवाराने बोलायचं नाही, खोकला आला तरी गिळायचा! पडद्याखालून एकेकाला कापड सरकवायचं, त्याने दोषांवर खडूने खूण करून परत द्यायचं. निवड पडदा असतानाच जाहीर करायची. जिग्नेशभाई आणि मास्तर, दोघांनीही मान डोलावली.

पहिल्याचं कापड आलं. दोष ढीगभर, एकही खूण नाही. साफ!

दुसऱ्याच्या खुणाच खुणा. जिग्नेशभाई म्हणाले, "याने तो नवी डिझाइन काढी!"

तिसरं कापड मास्तरांनी उजेडात धरलं, भिंग लावलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि फुललेच. "हा खरा चेकर! आपल्याकडचाच पोऱ्या असणार. खडू दाबलाय कसा बघा, मर्द गडी आहे!"

"फायनल!" जिग्नेशभाईंनी टेबलावर थाप मारली. "सोमवारथी चालू!"

आमचे सुतार गंगारामकाका शिडीवर चढले आणि त्यांनी पडदा उतरवला.

मागे वैशाली. नाकाला खडू लागलेला.

मास्तरांचं भिंग हातातच राहिलं. "अगं, तू? म्हणजे काम झकास आहे, त्यात वाद नाही, पण..."

वैशाली हात झटकत म्हणाली, "सोमवारी किती वाजता येऊ, मास्तर?"

जिग्नेशभाईंना हसता हसता ठसका लागला. "टाइम बताओ मास्टर! फायनल बोल दिया मैंने."

"हो, हो, ते खरंच. पण..."

शिडीवरून गंगारामकाका म्हणाले, "मास्तर, पडदा परत लावू का?"