घुंगरमाळेची पावती

२१ ऑगस्ट, गुरुवार. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आले आणि मूठभर चिंच कोमट पाण्यात भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे त्या दिवशी खांदेमळणी. गावाकडं या दिवशी तूप-हळद लावून बैलांचे खांदे मळतात. आमच्या लातूरच्या फ्लॅटमध्ये बैल नाहीत. चिंच पितळ घासायला होती.

पितळ म्हणजे देवणीकडच्या आमच्या शेवटच्या बैलजोडीची एक घुंगरमाळ. बैल विकले तेव्हा ती शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाला द्यायची, ही कल्पना माझी. घरात पडून राहील, एक दिवस कुणीतरी मोडीत घालेल, तिथं चार लोक बघतील तरी, असं मी सासऱ्यांना म्हटलं. मी त्यांना मामा म्हणते. मामा दोन दिवस माळ काढून देईनात, मग स्वतःच ती पिशवीत घालून निघाले. तिथल्या बाबूनं पावतीपुस्तक उघडलं, तर मामांनी त्याचा हात धरला.

"लेक दिल्यावर पावती घेत असतेत का?"

बाबू हसला आणि पुस्तक मिटलं. शाळेत खडूच्या खोक्याचीसुद्धा पावती फाइलला लावणारी मी शेजारी उभी होते, तरी पावती मागितली नाही.

तेव्हापासून दरवर्षी खांदेमळणीला आम्ही तिथं जायचो. म्हातारा शिपाई काचेच्या कपाटाचं कुलूप काढायचा, मामा खाली बसून चिंचेनं माळ घासायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि परत ठेवायचे. अर्ध्या तासाचं काम. नियमात बसत नसणार, पण कुणी हरकत घेतली नाही. गेल्या वर्षी मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तेवढं एक वर्ष चुकलं.

यंदा गेलो तर दालन ओळखू येईना. कपाटं गेली होती. भिंतीभर स्क्रीन. शिपाई निवृत्त झालेला. टेबलाशी निळ्या कुर्त्यातली एक मुलगी होती, बोलायला चांगली.

"बाबा, इकडं या. बोटानं फिरवा, वस्तू सगळ्या बाजूंनी दिसते."

मामांनी आधी हात धोतराला पुसला, मग स्क्रीनला बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. नांगर धरून राठ झालेली बोटं, यंत्राला ती लागतच नव्हती.

"जोरात दाबू का?"

"नको नको बाबा, फुटंल."

शेवटी मी बोट लावलं. माळ उजळली आणि गरगर फिरली. आवाजही आला. मागून एका शाळेची सहल आली होती, ती पोरं तुटून पडली. "ए, मला वाजवू दे!" "सरक की, तुझं दोनदा झालं!" खरं सांगायचं तर माझ्या वर्गाला मी तिथं दोनदा नेलं होतं आणि दोन्ही वेळा पोरं पाच मिनिटांत बाहेर पडून भेळेच्या गाड्यापाशी गेली होती. ही पोरं हलेनात. मास्तरीण म्हणून मला ते आवडलं. तेव्हा मी कुणाला काय बोलणार?

मामा वाकून बघत होते. "एका घुंगराला चीर व्हती. बैल आडात पडला, तवाची. हिला न्हाई."

"सॉफ्टवेअरनं दुरुस्त केलंय बाबा. तुटकं होतं ते पूर्ण करून घेतलं."

"कुणाला इचारून?"

मी मुद्द्यावर आले. मूळ माळ कुठं आहे?

"स्कॅनिंगला गेल्या सगळ्या वस्तू. आता तिकडंच स्टोअरला असतील."

"तिकडं म्हणजे?"

"तेवढं मला दिसत नाही, काकू. वस्तू सुरक्षित आहे, असं येतंय."

"सुरक्षित हाय म्हणता," मामा म्हणाले, "पर हाय कुठं?"

तिनं आमच्यासाठी विनंतीचा फॉर्म उघडला. नाव घातलं, मोबाइल घातला, ओटीपी आला, तोही घातला. मग देणगी पावती क्रमांकाचा रकाना. तो रिकामा ठेवला की लाल अक्षरं यायची. मी तिला सांगितलं, पावती नाही, पण माणूस समोर उभा आहे. तिनं प्रामाणिकपणे तीन वेळा प्रयत्न केला.

"सिस्टीम घेतच नाही हो. जुन्या लोकांना विचारलं असतं, पण जुनं कुणी राहिलं नाही."

भांडायला समोर कुणी असावं लागतं. ती पोरगी सहा महिन्यांच्या करारावर, तिच्यावर ओरडून काय होणार होतं? मी वर्गात चाळीस पोरं गप्प करते, पण लाल अक्षरं गप्प करता येत नाहीत.

रिक्षात मामा म्हणाले, "तू शिकलेली. तुला इचारून दिली म्या."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाची डाळ कुकरला लावली, पाटावर मातीचे बैल मांडले आणि मामांना पूजेला बोलावलं. ते आले, पण हळदीकुंकवाला हात न लावता म्हणाले, "कागद घी."

मी वहीचं पान फाडलं. वस्तू परत मिळण्याबाबत अर्ज, असं लिहायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"परत मागायची न्हाई. दिलेलं मागत नसतेत. निस्तं इचार, कुठं हाय."

मग एवढंच लिहिलं: आम्ही दिलेली घुंगरमाळ परत नको. ती कोणत्या गावी ठेवली आहे ते कळवावे. खाली मामांनी सही केली, मी माझा नंबर घातला. साडेनऊला संग्रहालयाचं शटर बंद होतं. कागदाची घडी करून मी ती खालच्या फटीतून आत सरकवली, बोटांनी जाईल तितकी लांब ढकलली आणि दहाच्या प्रार्थनेला शाळेत पोचले.