लेडचं पाणी

सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत शहादेव सव्वीस वर्षं बाटल्या धूत होता. उसाच्या रसात एक पांढरी पूड टाकायची, गाळ खाली बसला की वरच्या नितळ रसातली साखर साहेब मोजायचे. त्या पुडीला सगळे ‘लेड’ म्हणत. लेड म्हणजे काय, हे शहादेवला कुणी सांगितलं नाही. साहेबलोकांना तेवढी सवड कुठली!

दुष्काळाच्या वर्षांत गावात आठवड्याला एक टँकर यायचा. पाणी फेकून द्यायला जीव धजत नसे. बाटल्या धुतलेलं पाणी शहादेव कॅनमध्ये भरून सायकलवर घरी आणायचा आणि परसातल्या मेथीला घालायचा. गावात हिरवं असं तेवढंच होतं, आणि त्याला त्याचा भारी अभिमान. शेजारच्या छबुबाईची सून तेव्हा पोटुशी होती. तिला तो दिवसाआड जुडी नेऊन द्यायचा, फुकट. पुढं पाऊस पडला, तरी त्या पाण्याची सवय काही सुटली नाही.

पुतणी शिवकन्या औरंगाबादला रसायनशास्त्रात संशोधन करायची. दिवाळीला आली ती एक बाटली आणि जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा घेऊनच. जिवंत पेशीत शिसं असलं की बाटलीतलं औषध त्याला चिकटतं आणि चमकतं, असं ती रंगून सांगत होती. काकानं हौसेनं परसातली मेथी उपटून दिली. जोडीला चौसाळ्याच्या बाजारातली जुडी होतीच.

भरदुपारी दार लावून घेतलं. औषधात बुडवलेली बाजारातली मुळं दिव्याखाली काळीच राहिली. परसातली हिरवीगार चमकली.

“लई झ्याक दिसतंय की!” त्याची बायको भिवराबाई म्हणाली.

शिवकन्या हसली नाही. “काका, हिला पाणी कुठलं घालता?”

“कारखान्यातलं. लेडचं.”

“काका, लेड म्हणजेच शिसं. लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतं ते. पोटातल्यांच्या तर जास्तच.”

छबुबाईची नात तीन वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. शहादेवनं पुतणीला ते सांगितलं, जुड्यांचंही. शिशानंच झालं असं नाही, रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही, असं शिवकन्या पुन्हा पुन्हा सांगत होती.

“कशाला सांगायचं कुणाला?” भिवराबाई हळूच म्हणाली. “कुणाला ठावं हाय?”

त्यालाही क्षणभर तसंच वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. तो उठला आणि छबुबाईच्या दारात गेला.

“आज हात हालवतच आले, भाऊ?” ती म्हणाली.

त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. छबुबाईनं विचारलं, “तुमी बी तीच भाजी खाल्ली?”

“रोज.”

“मंग उद्या दवाखान्यात तुमी बी चला. तुमचं बी रगत काढू.” तिनं नातीला उचलायला हात पुढं केले आणि तसेच मागं घेतले. “घ्या हिला. माज्यानं उचलंना.”

शहादेवनं पोरीला कडेवर घेतलं. ती त्याच्याकडं बघून हसली. बोलली नाही.