क्रियापदा, चपला बाहेर!

सर वर्गात शिरण्याआधी दारातच थबकायचे. पायातल्या चपला काढून भिंतीशी जोडीने ठेवायचे आणि आत बसलेल्यांवर बोट रोखून म्हणायचे, “क्रियापदा, चपला बाहेर!”

सगळे एका सुरात ओरडायचे, “एस बाहेर! ईडी बाहेर! आयएनजी बाहेर!”

खाली माझा टायपिंगचा क्लास. महाडमध्ये आता टायपिंगलाही कॉम्प्युटरच लागतो, पण पाटी जुनीच आहे. वरची खोली मी सरांना इंग्रजी संभाषणाच्या वर्गासाठी दिली होती. पहिल्याच आठवड्यात हा आरडाओरडा ऐकून, जरा हळू घ्या, असं बजावायला मी जिना चढले. दारात उभी राहिले ती वर्ग संपेपर्यंत तिथेच. खाली माझ्या क्लासच्या मुली तेवढ्या वेळात काय टाइप करत होत्या, देव जाणे.

सर पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. घरी म्हशी आणि शेळ्या. नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्याची, तीही संपलेली. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, हे संध्याकाळी कॅन, मे, मस्ट आणि शुड घेऊन लढाईला उभे राहायचे.

“ही घरातली मोठी माणसं,” ते सांगायचे. “एकट्याने बसेल तेव्हा क्रियापद काय हवं ते घालून मिरवू दे. ही गोज, ही वेण्ट. पण पुढे कॅन बसला की गो ने अनवाणी यायचं. ही कॅन गो! कॅन गोज म्हणाल तर घर बाटेल!”

दासगावचा एक मोटर मेकॅनिक त्यांना नेहमी आडवा जायचा. एकदा फळ्यावर ‘ही मस्ट हॅव गॉन’ असं लिहिलेलं पाहून तो उभाच राहिला. “सर, पकडलं! हा गॉन चपला घालून आत आलाय!”

वर्गात शिट्ट्या. सरांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी त्यांच्या गळ्यात हार घातला. “शाब्बास! पण मस्टच्या मागे कोण उभा आहे? हॅव. तो आलाय ना अनवाणी? हॅज नाही, हॅड नाही, नुसता हॅव. गॉन हा हॅवचा पाहुणा. त्याचं हॅव बघून घेईल!”

इंग्रजी व्याकरणावर टाळ्या पडताना तुम्ही ऐकल्यात का? मी ऐकल्यात.

याच वर्गात वंदना होती. तीही पोलादपूरकडच्याच एका वाडीवरची, बारावी सायन्स झालेली. नवरा मुंबईत कॅण्टीनमध्ये. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवी होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. नोकरी मिळाली तर घर आहे तिथेच राहणार होतं. नाही मिळाली तर म्हशी विकून वंदनाने मुलीला घेऊन मुंबईला जायचं, असं नवऱ्याने ठरवलं होतं. सासू डोंगर सोडायला तयार नव्हती. म्हणजे म्हातारी वर एकटी.

वंदनाला सगळं यायचं. अनवाणी क्रियापद, हॅवचा पाहुणा, सगळं. पण सरांनी मुलाखतीचा सराव सुरू केला आणि विचारलं, “कॅन यू वर्क अलोन?” की ही मान खाली घालून म्हणायची, “आय मे कॅन, सर.”

“अगो, एका म्हशीमागे दोन गुराखी कशाला? एक घरी पाठव!”

दुसऱ्या दिवशी परत, “आय मे कॅन.” मेकॅनिक हसायचा. मुलाखत जवळ आली तरी तेच. मी म्हटलं, “सर, हिच्या डोक्यात बसत नाही.”

सर जिन्यावरच थांबले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “डोक्यात बसलंय हो. जिभेवर येत नाही. मीही त्याच डोंगरातला आणि माझ्या लक्षात येऊ नये? आमच्याकडे म्हैस घागरभर दूध देत असली तरी विचारणाऱ्याला काय सांगतात? ‘भागतं कसंबसं.’ भरपूर देते म्हटलं की दृष्ट लागली. ही पोरगी ‘मला येतं’ असं कधी बोललीच नाही, मराठीतसुद्धा! चला.”

“कुठे?”

“तिच्या सासूकडे!”

का गेले ते मला आजही सांगता येणार नाही, पण क्लास मैत्रिणीवर सोपवून दुसऱ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर मिनीडोर रिक्षात बसले. पोलादपूरच्या पुढे उतरून चढ. सर पुढे आणि मी धापा टाकत मागे.

वंदनाची सासू गोठ्यात शेण ओढत होती. सरांनी रामराम केला आणि सरळ विचारलं, “मावशी, तुमच्या सुनेला काय काय येतं?”

मी मनात म्हटलं, झालं. ही म्हणणार, भागतं कसंबसं.

“काय येत नाय ते इचारा,” म्हातारी म्हणाली. “काळोखात धार काढते, थेंब सांडत नाय. रेडकू आडवं आलं तर हात घालून सरळ करते. तिचा नवरा भितो, ही नाय भीत.”

आपलं सांगितलं तर दृष्ट लागते. दुसऱ्याचं सांगायला आडकाठी नाही.

सर तिथेच नाचायला लागले. “शी कॅन मिल्क इन द डार्क! शी कॅन टर्न द काफ!” शेळ्या बिचकून पळाल्या. वंदना कुडाआड उभी होती, पदर तोंडाला लावून. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिच्या कानावर पहिल्यांदाच येत होतं.

म्हातारीचं तिकडे लक्ष गेलं. “तू काय ऐकत ऱ्हायलीस गो? चाय टाक.”

निघताना सर वंदनाला एवढंच म्हणाले, “साहेबाने विचारलं की सासूबाईंना आठवायचं आणि कॅन म्हणायचं.”

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं कारखान्याच्या फाटकाबाहेर वडाखाली उभे होतो. सर बसेनात. वंदना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून काही कळेना.

“काय विचारलं?”

“विचारलं, कॅन यू मेजर विदाउट स्पिलिंग?”

“मग?”

“मी म्हटलं, सर, माय मदर-इन-लॉ सेज आय कॅन.”

मी डोळे मिटून घेतले. गेली नोकरी.

“साहेब हसले. म्हणाले, ॲण्ड व्हॉट डू यू से?”

“मग? मग तू?”

“मी म्हटलं, आय ॲग्री विथ हर.”

मग साहेबांनी तिच्या हातात काचेची नळी दिली होती आणि तिने मोजून दाखवलं होतं. सोमवारपासून कामावर.

सरांनी रस्त्यातच अशी आरोळी ठोकली की वॉचमन धावत आला. वाडीवर फोनला रेंज नसते, म्हणून म्हातारीला सांगायला आम्ही तिघं त्याच पावली निघालो. आता तिथे रडारड होणार, असं मी धरून चालले होते. म्हातारी धार काढत होती. तिने ऐकून घेतलं, हात न थांबवता. “मंग? मी काय खोटं बोलले काय?”

पुढच्या शिमग्याच्या आधी सर गेले, झोपेत. वरची खोली मी मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिली. तो शांत आहे, मुलींचं टायपिंगही सुधारलं आहे. वंदना पहिल्या पाळीला असते, म्हशी वाडीवरच आहेत.

मला मात्र म्हातारीला सांगून परततानाचा, त्या संध्याकाळचा उतार आठवतो. मी मागून चालले होते. घसा फोडून शिकवणारा हा माणूस पोलादपूरचे दिवे दिसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मी विचारलं, “सर, बरं आहे ना?” त्यांनी मागे वळून नुसती मान हलवली. हसू इतकं मावेनासं झालं होतं की बोलायला तोंडात जागाच नव्हती.