सटवाईपुढचा पाठकोरा कागद

नमस्कार. असे अनुभव वाचले की खाली "वैद्यकीय कारण तपासलंत का?" अशी कमेंट टाकणारी बाई ती मीच. ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझी ही सवय माहीत आहे, काहींना तिचा रागही आला असेल. आज माझ्याच घरातलं लिहिते आहे, तेव्हा तुम्ही मला खुशाल तेच विचारा. आम्ही सगळं तपासलं...

विरार पूर्वेला चंदनसारमध्ये आम्ही राहतो. चार मजली बिल्डिंग, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, वर उघडी गच्ची. आई, दादा, वहिनी आणि मी. आम्ही मूळचे खाडीकाठचे शेतकरी. घराण्यात पहिली पदवी माझी. दादा दहावीनंतर शाळा सोडून टेम्पोवर बसला, म्हणून मी एम.ए. होऊ शकले. आज माणिकपूरला ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते.

लग्नानंतर आठ वर्षांनी, गेल्या डिसेंबरात, दादाला मुलगा झाला. त्याआधी वहिनीला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. त्यामुळे या बाळाला घरी आणलं तेव्हा आम्ही सगळे आनंदापेक्षा जास्त घाबरलेलो होतो. पंखा लावायचा की नाही, यावरसुद्धा चर्चा व्हायची. बाळाला थोडी कावीळ होती. काळजीचं काही नाही, पण सकाळचं कोवळं ऊन द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काम माझ्याकडे आलं. रोज साडेआठला मी त्याला गच्चीवर न्यायची, पाण्याच्या टाकीजवळ चटईवर दहा मिनिटं घेऊन बसायची.

त्याच दिवसांत मी एका ऑनलाइन मासिकासाठी लेख लिहीत होते. भयपटांत मुलं पळवणारी जी बाई दिसते, ती मुळात कुठून आली, असा विषय. वाचता वाचता मी गुंतत गेले. दूध पाजायला आलेली पूतना सगळ्यांना माहीत असते. पण आयुर्वेदाच्या एका जुन्या ग्रंथात जातहारिणी आहे, नावाप्रमाणेच जन्मलेलं मूल हरण करणारी. जरासंधाचे दोन तुकडे जोडणारी जरा राक्षसीण आहे, आणि तिचीच घरोघर पूजा व्हायची असंही सांगितलं आहे. म्हणजे जी नेते तीच राखते. सिनेमाने त्यातली फक्त नेणारी उचलली. ओटी भरून जिची समजूत काढायची, ती सिनेमात कुठेच नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आई सटवाईची पूजा मांडत होती. धुतलेला पाटा, हळद-कुंकू, दिवा, विळा, आणि एक कोरा कागद व पेन. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कागद-पेन. कागद आईने माझ्याच फुलस्केप वहीतून फाडला होता.

मी बाजूला बसून माझा लेख तिला सांगत होते. ती म्हणाली, "तुज्या शिनेमातली बाय नि आपली सटवाय येकच काय गो?"

"एकाच घरातल्या समज."

"मंग तिला यवरी वाईट कनाला दाखवतान?"

"चांगली दाखवली तर तिकीट कोण काढेल?"

आई हसली. "तिचं नाव घेऊन हसू नको आज," असं मलाच दटावून प्रसाद आणायला आत गेली.

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. "मॅडम, सुरुवातीला एक ओळ द्या, वाचक जागेवर थांबला पाहिजे." मला लिहिल्याशिवाय सुचत नाही. हाताशी पेन होतं, कागद होता. मी लिहिलं — 'ती अनोळखी म्हणून येत नाही. घरातल्याच बाईचं रूप घेऊन येते, आणि आई स्वतःच्या हाताने बाळ तिला देते.' फोनवर वाचून दाखवलं. "हेच ठेवा!" ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी कुठल्या कागदावर लिहिलंय ते.

वही दोन हातांवर होती. दुसरा कागद फाडायला एक सेकंद लागला असता. पण आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत. दादाच्या जुन्या पावत्यांच्या मागे मी गणितं सोडवली आहेत, त्यांच्याच मागे निबंध लिहून पाठ केले आहेत. हात सवयीने चालला. मी कागद उलटा केला, कोरी बाजू वर ठेवली आणि त्यावर पेन ठेवलं. आईला काही बोलले नाही. सकाळी तिने तो तसाच घडी करून बाळाच्या उशीखाली सरकवला.

त्या सकाळी मला बदलीचं लेक्चर होतं, साडेसातचं. सगळे झोपलेले असतानाच मी निघाले.

सव्वानऊला स्टाफरूममध्ये आले, तर वहिनीचा फोन. "ताई, किती वेल ऊन देताव? खाली आना ना आता. भूक लागली असंल त्याला."

"वहिनी, मी कॉलेजात आहे."

"मस्करी नका करू."

"अगं खरंच. सातपासून माणिकपूरला आहे मी."

मागे कॉरिडॉरमध्ये मुलांचा गोंधळ चालू होता, तो तिला ऐकू गेला असणार. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "मग मी बाल कुनाला दिलं?"

मी पर्सही न घेता धावले. माणिकपूरहून चंदनसारपर्यंत रिक्षात फोन कानालाच होता. पलीकडे जिन्यात पावलं, आईच्या हाका, मग दार ठोकल्याचा आवाज. गच्चीचं दार उघडत नव्हतं... ते पलीकडून बंद होतं. मी रिक्षात बसून "काच फोडा, काच फोडा" एवढंच ओरडत होते. वॉचमनने दाराच्या वरची काच फोडली, हात घालून गच्चीच्या बाजूची कडी काढली.

बाळ टाकीजवळ चटईवर होतं, रोजच्याच जागी. दुपट्यात मी गुंडाळते तसंच गुंडाळलेलं. रडत नव्हतं. गच्चीवर दुसरं कोणी नव्हतं, आणि गच्चीला दुसरं दार नाही.

मी पोचले तेव्हा वहिनी त्याला पाजायला बसली होती आणि ते तोंड लावत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "पोट भरलंय त्याचं," एवढंच म्हणाली. त्याच्या हनुवटीवर दूध सुकलेलं होतं. वहिनीने त्याला पहाटे पाचनंतर पाजलंच नव्हतं.

तिथून आमचे खरे वाईट दिवस सुरू झाले. बाळ आमच्या हातात होतं, पण त्याच्या पोटात काय गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त-लघवी सगळं झालं, सगळं नॉर्मल. वहिनीला बाळंतपणानंतरचे भास झाले असतील, असं त्या म्हणाल्या. मलाही तेच हवं होतं, खोटं का बोलू! पण दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रेसी आंटी त्या सकाळी चौथ्या मजल्यावर हळद द्यायला गेल्या होत्या. त्यांनी मला जिन्यात पाहिलं होतं. "मी बोलली पन तुला, आज कालेज नाय काय? तू नुसती हसली. मला वाटला, बाल झोपलंय म्हनून बोलत नाय."

कॉलेजच्या मस्टरवर माझी सही होती. समोर साठ मुलं बसली होती.

दुसऱ्या दिवशी दादाला टेम्पोजवळ गाठून मी कागदाचं सांगितलं. मला वाटलं होतं, हात उगारेल. त्याने टायरवर पाय दाबून हवा पाहिली. मग म्हणाला, "तुला साळंत लिव्हायला कोनी धारला? मीच ना? जा घरा." त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

आईला विचारलं, पूजा पुन्हा मांडता येईल का? ती म्हणाली, सट, म्हणजे सहाव्या दिवसाची ही पूजा, एकदाच होते. उशीखालचा कागद मी उघडून पाहिला. एका बाजूला माझी ओळ होती. दुसरी बाजू कोरी.

लेख मी पाठवला नाही. संपादकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

बाळ आज छान आहे, वजन वाढतंय, कुशीवर वळतं. पण मी बाहेरून आले की दार उघडण्याआधी वहिनी माझ्या मोबाईलवर रिंग देते. माझा फोन दाराबाहेर वाजला की मगच कडी निघते. मला राग येत नाही. मी रिंगटोन मोठा करून ठेवलाय.

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बायका म्हणाल्या, दे गो आत्याकडे. वहिनीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाकून नाव सांगितलं, सगळ्या हसल्या, पाठीत बुक्के बसले. त्या पूर्ण वेळात बाळाचा डावा पाय वहिनीच्या मुठीत होता.

तिने तो सोडला नाही, आणि खरं सांगते, तिने सोडू नये असंच मला वाटत होतं. कारण त्या सकाळी जी कोणी आली होती तीही अशीच हसली असेल, तिनेही त्याला असंच नीट धरलं असेल. ती कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल, तर जरूर लिहा.