रंगमास्तरचा रविवारचा ग्लास

जून उजाडला की आम्हा गणवेश शिवणाऱ्यांना मरायलाही फुरसत नसते, असं मी दरवर्षी म्हणायचो. व्यंकटेशने नेमका जूनच गाठला. शाळा उघडायला आठवडा उरलेला, दुकानात आईबापांची झुंबड, माझ्या गळ्यात टेप, आणि गल्ल्याजवळचा फोन वाजला. व्यंकटेशच्या घरून, अनसूया वहिनी होत्या. "भाऊजी, गेले ते," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. काय हा माणूस, "बरं" काय म्हणतो... पण तेच तोंडातून निघालं. फोन ठेवून मी समोरच्या बाईंना निळी हाफ पँट दाखवली, एक साईज मोठीच घ्या, वर्षभरात पोरं वाढतात, असंही सांगितलं. मग टेप गळ्यातून काढायला गेलो तर गाठ सुटेना. तिथेच खुर्चीवर बसलो आणि भर गिऱ्हाइकांत रडलो.

व्यंकटेश माझा शाळेपासूनचा दोस्त. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकरांचं घर, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि रागावला की दोन्हींची खिचडी. त्याचे वडील मागावर बसायचे. हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका डाइंग हाऊसमध्ये लागला आणि बघता बघता रंगमास्तर झाला. टॉवेल-चादरींच्या सुताला रंग द्यायचा. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी आणून दिली की तोच रंग टनभर सुताला चढवून दाखवायचा. थेट मोठ्या भांड्याला त्याने कधी हात लावला नाही. आधी एक छोटी लडी रंगवायची, ती वाळवायची, उन्हात धरायची, सावलीत धरायची, मगच पुढचं. नवखे कामगार लडी बाहेर काढल्या काढल्या रंग जुळला म्हणून नाचायला लागले की हा म्हणायचा, "ओल्या सुताचा रंग खरा नसतोय. वाळू दे की जरा." हे तो सुतापुरतं बोलायचा नाही. आमच्या वर्गातल्या एकाचं लग्न ठरलं तेव्हाही त्याने हेच ऐकवलं होतं.

आमच्या पिढीचं पिणं म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. परमिट रूम, खिडकीला पडदा, क्वार्टर, सोडा, खारे दाणे. औषध घेतल्यासारखं घशाखाली ढकलायचं आणि बडीशेप चघळत, वारा कुठून येतोय ते बघत घरी जायचं. चव असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. व्यंकटेशच्या गावी ते आलं पुण्यात. एका व्यापाऱ्याने त्याला जिथे जेवायला नेलं तिथे काचेच्या पलीकडे बिअर तयार होत होती. लोक ग्लासाकडे बघत होते, हा भांड्यांकडे. परत आल्यावर मला म्हणाला, "दत्त्या, आपल्या डाइंगचीच भांडी रे ती. तापमान, वेळ, पाणी... सगळं आपलंच हाय." बिअर करणाऱ्या माणसाला त्याने पाणी जड की हलकं वापरता असं विचारलं, आणि त्या माणसाने जेवण थंड होईस्तोवर याला सोडलं नाही. तेव्हापासून पुण्याची खेप म्हटली की येताना पिशवीत अशा लहान लहान कारखान्यांच्या चार बाटल्या, ओल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेल्या. कुठला टॉवेल पाणी जास्त वेळ धरतो हे त्याला सांगायची कुणाची टाप नव्हती. भर उन्हाळ्यातही बाटली गार निघायची.

पहिली बाटली त्याने मला गच्चीवर पाजली तेव्हा मी विचारलं, "यात कुणी कडुलिंब उकळलाय का?" तो हसला नाही. "घाई करू नको. परत घे." परत घेतली. मग कुठे मागून मोसंबीच्या सालीचा वास आला. गव्हाची म्हणून जी आणायचा तिला पिकल्या केळ्याचा वास यायचा. एक काळी होती, ती तर थेट कॉफी. माझ्यासारख्या गणवेशवाल्याला, ज्याच्या आयुष्यात खाकी, निळा आणि पांढरा याच्यापुढे काही नाही, त्याला या वासांनी वेड लावलं हे मात्र खरं.

बिअरच्या मागोमाग कॉकटेल आली. फोनवर बघून बघून त्याने ती जुनी, नावाजलेली पेयं एकेक करून हाताखालून घातली. जिन आणि लिंबाचं गिमलेट, लालभडक नेग्रोनी, आणि त्याची सगळ्यांत लाडकी व्हिस्की सावर. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक, बस. डाइंगच्या लॅबमध्ये असते तशी मापाची काचनळी त्याने नवी विकत आणली. हलवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. पिण्याचं सरकारी परमिट प्लास्टिकमध्ये घालून खुंटीला. रविवारी उन्हं उतरली की गच्चीवर दोन खुर्च्या लागायच्या. सुताच्या लडीसारखं इथेही आधी दोन चमचे करून बघायचं, मग ग्लास. माणशी एकच. दुसरा मागितला की म्हणायचा, "पहिल्याची चव सांग, मग देतो," आणि चव सांगेपर्यंत अंधार पडायचा. सोबत कडक भाकरीचे तुकडे आणि वहिनींची शेंगा चटणी. मोठमोठ्या हॉटेलांत मी पुढे गेलोय, पण व्हिस्की सावरबरोबर कडक भाकरी मोडण्याची ऐट तिथे नाही.

व्हिस्की सावरवर फेस यावा म्हणून अंड्यातला पांढरा भाग घालतात. वहिनी म्हणाल्या, कच्चं अंडं माझ्या भांड्यात फेटायचं नाही. यावर याने कुठेतरी वाचलं की कडधान्य शिजवलेल्या पाण्यालाही फेस येतो. त्या रविवारी घरात पुरण होतं. याने डाळीचा कट वाटीभर उचलला, कुणाला न विचारता, आणि डबा खळाखळा हलवला. फेस आला झकास, पण ग्लास पिवळाधमक. डाळ शिजवताना वहिनींनी हळद घातली होती. ज्याला सोलापुरात रंगमास्तर म्हणायचे त्याने ग्लास उजेडात धरून बघितला, सावलीत धरून बघितला. मग म्हणाला, "शेड चांगलाय. ऑर्डर घेऊ." आणि संपवला. मीही संपवला. वहिनी खाली आमटीला कट कुठे गेला म्हणून शोधत होत्या.

वहिनींनी या प्रकाराला कधी नाक मुरडलं नाही आणि कधी कौतुकही केलं नाही. बाटल्यांचं कपाट देवघरापासून लांब, तिथला चमचा वेगळा, फडकं वेगळं. रविवारी डबा-ग्लास धुऊन त्या पालथे घालायच्या. थेंबाला शिवल्या नाहीत. व्यंकटेश चमचा पुढे करून "बघ तरी" म्हणायचा तेव्हा त्या "नुसत्या वासानं डोकं फिरतंय माझं," म्हणून जिना उतरायच्या.

मग त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे लाईट देऊन झाले. डॉक्टरांनी दारूचा थेंब बंद केला, पण ते सांगायचीही गरज नव्हती, कारण चवच गेली होती. भात काय, लोणचं काय, सगळी माती. गच्चीचा जिना होईना म्हणून तो खालच्या खोलीत पलंगावर. मी रविवारी जायचो ते नुसता बसायला. एकदा तो म्हणाला, "दत्त्या, मी करतो, तू पी. आणि खरं काय ते सांग." मला कसंसंच झालं. दोस्त समोर पातळ पेज गिळतोय आणि मी ग्लास हातात धरायचा... पण त्याच्या डोळ्यांकडे बघून नाही म्हणवेना. त्याने मोजलं, डब्यात ओतलं. मनगटात जोर नव्हता, म्हणून वहिनींनी डबा स्वयंपाकघरात नेऊन बर्फ घालून हलवून आणायचा असं ठरलं. ग्लास आला. मी घोट घेतला आणि दात आंबले.

"लिंबू दुप्पट पडलंय," मी म्हणालो. खरं सांग म्हणाला होता ना.

तो भिंतीकडे बघत राहिला. "दोनदा घातलं असणार. ध्यानात राहत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "जीभ गेली ते चालतंय रे. हात गेला तर मग कोण मी? पुढच्या रविवारी चुकलं तर हे बंद. कपाट रिकामं कर." वहिनी दारात उभ्या होत्या.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच ठाऊक. खोटं बोलायची माझी तयारी होती. पण पुढच्या रविवारी घोट घेतला आणि खोटं बोलावंच लागलं नाही. बरोबर होतं. अगदी गच्चीवरचं. मी "जमलंय" म्हणालो तर त्याने मला आरोपीसारखं उलटसुलट विचारलं. आधी काय येतंय? मागून काय राहतंय? गोड कुठं लागतंय, टोकाला का घशाशी? मी आपलं सुचेल ते सांगत गेलो, चिंचेच्या सारासारखं शेवटी ओढतंय, वगैरे. तो डोळे मिटून ऐकत होता आणि घसा जरासा हलत होता, पीत असल्यासारखा. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. शरीर आटत गेलं, आवाज गेला, शेवटी तो पाटीवर लिहून विचारायचा, पण ग्लास बरोबर. गल्लीत भेटेल त्याला मी सांगायचो, माणूस खंगला पण हात बघा.

सगळे विधी उरकल्यावर, शाळांची गर्दी ओसरल्यावर, एका रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. "कूर्चोंडी, बसा," म्हणत त्यांनी नेहमीची खुर्ची पुढे केली. पलंग उभा करून भिंतीला लावला होता. गल्लीत सांगायचो तेच मी बोललो, शेवटपर्यंत हात कसा शाबूत होता.

वहिनी पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, शेवटी शेवटी नव्हता शाबूत. कधी साखर राहायची, कधी लिंबू दोनदा. मी आत नेऊन सारखं करत होते."

मला आधी उमगलंच नाही. "पण तुम्हाला कळायचं कसं? तुम्ही तर..."

"बोट लावून बघायचे. जिभेला." त्या खाली बघून म्हणाल्या. "मग चूळ भरायची, देवाला दिवा लावायचा, आणि डबा बाहेर. पहिल्या खेपेला तर चार चुळा भरल्या. आवडत न्हाय मला ते, अजून न्हाय. पण इतकी वर्षं तो डबा धुतला की मी, वास ठाऊक झालाय. किती आंबट पायजे ते कळतंय."

त्या दाराआड बर्फाचा खळखळाट व्हायचा तेव्हा व्यंकटेश मान तिरपी करून तो आवाज ऐकायचा. तेवढा वेळ आत या बाईने जन्माचा नेम मोडून बोट चाखलं, आणि मी बाहेर बसून तिच्या हाताचं कौतुक त्याला सांगत राहिलो. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"एक विचारू? तुम्ही जमलंय म्हणायचा, ते खरंच जमायचं? का आजारी माणसाचं मन राखायला म्हणत होता? मी आतून ऐकायचे... पण कुणाला विचारणार."

"वहिनी," मी म्हणालो, "तुमच्या हातच्या एकाही ग्लासाला मी खोटं बोललो नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि चहा टाकायला म्हणून उठल्या. बराच वेळ झाला तरी चहाचा वास येईना. आला तो बर्फाचा आवाज, डब्यात, आधी हळू, मग जोरात. ग्लास माझ्यासमोर ठेवून त्या आत गेल्या नाहीत, समोरच उभ्या राहिल्या. "खरं सांगा," म्हणाल्या. मी घोट घेतला, घाई केली नाही, परत घेतला. मग सांगितलं, आधी लिंबू येतंय, पाक मागून येतोय, पण किंचित कमी पडलाय. त्यांनी मान हलवली, "व्हय, मला पण तसंच वाटलं," म्हणाल्या, आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेऊन पाक घालायला आत गेल्या.